फाइलीत बांधलेलं घर

सेलूच्या स्टँडवर सध्या पोरी दिसतात. हातात काळ्या पुठ्ठ्याच्या जाड वह्या, त्यावर सोनेरी अक्षरं, ओढणी तोंडाला गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या असतात त्या. त्यांच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेचे हे दिवस. मी सावलीतल्या बाकावर बसून असतो. एखादी विचारते, काका, वर्ध्याची गाडी गेली का? मी सांगतो, नाही गेली. मग ती वही छातीशी धरून उभी राहते आणि मला वाटतं, घरी गेल्यावर हे बायकोला, वनिताच्या मायला, सांगावं. मग आठवतं.

ती पौषात गेली. तेव्हापासून मी कुणाशी धड बोललो नाही. लोक येतात, चहा पितात, देवाची मर्जी म्हणतात. मी म्हणतो, देवाला काय कळतं त्यातलं. मग ते लवकर उठतात. बोलणं तुंबून राहिलं की माणूस लिहायला बसत असावा. माझी शाळा सातवीपर्यंत, त्यातली सहावी दोनदा. जन्मभर गवंडीकाम केलं. थापी धरलेल्या हाताला पेन फार हलकं लागतं, सारखं निसटतं. तरी लिहितो, कारण त्या उन्हाळ्यात तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते सांगणारा आता मीच उरलो.

वीस वर्षं होत आली. आमची पोरगी वनिता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नागपूरहून जुने तुकडे आणून, पेचकसानं पिळून तिनं घरातच कॉम्प्युटर उभा केला होता. तो समोरच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात. आम्ही दोघं नवराबायको मागच्या खोलीत, उकाड्यात. आमच्यापेक्षा त्या डब्याला गरमी जास्त बाधते असं ती म्हणायची.

प्रोजेक्ट काय, तर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बांधायची. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी जो जागा होतो आणि बाकीच्यांना कामं वाटून देतो, तो कारभारी. तो बाजारात तयार मिळतो. मी माझा मीच बनवून राह्यली. मला ते आवडलं. तयार चौकट आणून भिंतीत ठोकणारे पुष्कळ, स्वतः रंधा मारणारे थोडे.

पण अडचण अशी की मशीनमध्ये डिस्क एकच. नवा, अर्धाकच्चा कारभारी त्या डिस्कवर बसवला तर आधीचं सगळं पुसून टाकणार. म्हणून तिनं एक युक्ती केली. एक मोठी फाइल तयार केली, आत नुसती शून्यं. आणि मशीनला सांगितलं की ही फाइल नाही, ही डिस्क आहे. मशीननं ऐकलं. त्या फाइलीला डिस्कसारखं नाव दिलं, लूप झीरो. मग वनितानं त्या खोट्या डिस्कचे भाग पाडले, त्यात कप्पे केले, ती मशीनला जोडली, तिच्या भाषेत चढवली, आणि आत सामान, म्हणजे स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, ठेवू लागली. काम झालं की उतरवायची. मग दुसऱ्या एका प्रोग्रॅमात, जो अख्ख्या कॉम्प्युटरची नक्कल करतो, त्यात तीच फाइल लावून आपला कारभारी जागा होतो का ते पाहायची. तो पडला तरी खऱ्या डिस्कला धक्का नाही.

मला हे पटेना. फाइल ती फाइल. तिला डिस्क म्हटल्यानं ती डिस्क कशी होईल?

तेव्हा मायकडे बोट दाखवून वनिता हसली. त्याला कारण होतं. आम्ही घर बांधायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा मारतो. इथं भिंत, इथं दार, इथं चूल. वनिताची माय डबा घेऊन साइटवर यायची. मजूर, मालक, मालकाची पोरं, सगळे रेघा ओलांडून सरळ यायचे. ही वळसा घालून जिथं दाराची खूण असेल तिथून आत शिरायची, बैठकीतून मधल्या खोलीत, तिथून मागे, जिथं मी उभा असायचो. सगळे हसायचे. एकदा मी चिडलो, रेघच तर आहे वं, ये ना सरळ. तर मला म्हणे, "भिंतीतून कोनी येते का?"

वनिता म्हणाली, बाबा, मशीन मायसारखं आहे. रेघ मारून भिंत म्हटलं की ते भिंत मानते. दाराशिवाय आत जात नाही. त्यानंतर दोन दिवस ती मायला लूप झीरो म्हणून हाक मारायची. लूप झीरो, चहा दे वं. माय म्हणायची, झीरो तुहा बाप.

हे सगळं जमायच्या आधी, फेब्रुवारी सरता सरता, ती एका जागी अडकली. खोटी डिस्क तयार, भाग पाडलेले, कप्पे केलेले, पण मशीनवर चढेना. मशीन म्हणे, इथं काहीच नाही. दोन दिवस पोरगी जेवायला धड बसली नाही. मी बाहेरून आलो, पाय धुतले, तिच्या मागं उभा राहिलो. पडद्यावर नुसत्या आकड्यांच्या रांगा. काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. मी आपलं मला येतं ते विचारलं, रस्त्याची जागा सोडली का?

कारण प्लॉटच्या कडेपासून भिंत घेत नाहीत. समोर जागा सोडावी लागते, मग घर सुरू होतं. नवा मालक नेहमी विसरतो.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग काहीतरी टाइप केलं, यादी आली, आणि तिनं कपाळावर हात मारला. डिस्कच्या सुरुवातीला त्रेसष्ट ठोकळे सोडून पहिला भाग सुरू होत होता. एकेका ठोकळ्यात पाचशे बारा अक्षरं मावतात. ही पार कडेपासून आत शिरायला पाहत होती. त्रेसष्ट गुणिले पाचशे बारा, बत्तीस हजार दोनशे छप्पन. तेवढी जागा सोडून आत जा असं सांगितल्याबरोबर डिस्क चढली. तो आकडा मला अजून पाठ आहे. बायकोच्या जन्माचं साल मला पाठ नव्हतं, रुग्णालयात फॉर्म भरताना फजिती झाली, पण बत्तीस हजार दोनशे छप्पन पाठ आहे.

त्या दिवशी मी फार फुगलो. स्टँडवर, पानठेल्यावर, साइटवर, सगळीकडे सांगत सुटलो की पोरीच्या कॉम्प्युटरची अडचण मी सोडवली. वनिताची माय म्हणाली, आता पागोटं बांधा. पण पोरगी मात्र त्यानंतर खरंच मला विचारू लागली. बाबा, असं असं आहे, तुमच्या कामात काय करतात? मी सांगायचो. कधी लागू पडायचं, कधी नाही.

मग उन्हाळा चढला आणि लोडशेडिंग वाढलं. लाइट केव्हा जाईल याच्या वेळा ठरलेल्या, पण वेळा पाळणं लाइटीला माहीत नव्हतं. डिस्क चढलेली असताना लाइट गेली तर आतलं सामान अस्ताव्यस्त होतं, म्हणून वनिताची माय पहारा करायची. शेजारच्या गिरणीचा पट्टा मंदावला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, उतरव वं पोरी. लाइट जाणार हे गिरणीवाल्याला आधी कळतं, हे तिनं हेरून ठेवलं होतं. पोरगी धडाधड बोटं चालवून डिस्क उतरवायची, आणि पाच मिनिटांत कूलर थांबायचा.

दिवसातून मिळेल तेवढ्या वेळात तिचं काम पुरं होईना. डिस्क चढवा, सामान ठेवा, उतरवा, नकलेच्या मशीनला लावा, पाहा, थांबवा, परत चढवा. अर्धा वेळ चढण्या-उतरण्यातच जायचा. एक दिवस ती जेवताना म्हणाली, बाबा, हे लई हळू होऊन राह्यलं. आणि मी घास तोंडात असतानाच बोललो. म्हटलं, एका टोकाकडून काऊन बांधते? आम्ही लांब भिंतीवर दोन मिस्त्री लावतो. इकडून एक, तिकडून एक. दिवसाचं काम दुपारी उरकते.

एवढंच बोललो. पुन्हा भाजी मागितली.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. डिस्क इकडे चढलेलीच ठेवली आणि तीच फाइल तिकडे नकलेच्या मशीनलाही लावली. इकडून ती सामान ठेवत होती, तिकडून तिचा कारभारी त्याच घरात लिहीत होता. भिंतीवर दोन मिस्त्री असतात तेव्हा मधे एकच सूत ताणलेलं असतं, दोघं त्याच्याकडे पाहून वीट ठेवतात. हे मी सांगायचं विसरलो. मला वाटलं हे काय सांगायचं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्या मशीनमध्ये दोघांना एकमेकांची खबर नव्हती. रिकामी जागा दिसली की दोघंही आपापली वीट ठेवत गेले, एकानं ठेवलेली दुसऱ्यानं काढली. तासाभरानं तिनं उघडून पाहिलं तर आत नावं होती पण सामान नव्हतं. काही ठिकाणी सामान होतं पण नाव भलतंच. वर्षभर लिहिलेलं सगळं तिनं त्याच घरात ठेवलं होतं, एकच फाइल उचलून नेता यावी म्हणून. दुसरी नक्कल नव्हती. सीडी लिहायचं मशीन कॉलेजात, त्यावर तिची पाळी आली की ती आजारी किंवा बस बंद.

परीक्षेला नऊ दिवस होते.

ती रडली नाही. खुर्चीवर पाय वर घेऊन बसून राहिली. मायनं विचारलं, काय झालं? वनिता म्हणाली, "माहीच चूक झाली." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी दारात उभा होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी चप्पल घातली आणि बाहेर गेलो. चाळीस माणसांसमोर मालकाला शिव्या देणारा माणूस मी, बायकोसमोर एक वाक्य निघालं नाही.

परत आलो तर दोघी मशीनसमोर बसल्या होत्या. वनितानं आधी त्या मोडक्या फाइलीची नक्कल करून ठेवली आणि मशीनला बजावलं की हिच्यात एक अक्षर लिहायचं नाही, नुसतं वाचायचं. आता दार नव्हतं, खोल्या नव्हत्या, तरी विटा तर पडलेल्या होत्या. फाइलीला डिस्क म्हटल्याचा हा फायदा. एकेक ठोकळा क्रमानं काढून पाहता येत होता. तिनं लिहिलेल्या प्रोग्रॅमचा प्रत्येक भाग तिच्या नावानं सुरू व्हायचा, तेवढ्या सुरुवाती मशीननं शोधून दिल्या. पण एका भागात दहा, वीस, कधी चाळीस ठोकळे. पहिल्यानंतरचा दुसरा कुठला हे मशीनला सांगता येईना. ते डोळ्यांनी ओळखायचं होतं, आणि ठोकळे हजारो. बहुतेक रिकामे किंवा कचरा.

संक्रांतीच्या वेळी कॉलेजात काढलेला कागद घरात होता, भोकांच्या पट्टीचा, लांबच लांब. त्यावर तोवरचं काम छापलेलं. वनिताच्या मायनं तो मांडीवर घेतला. चौथी शिकलेली बाई, मराठी अक्षर अक्षर जुळवून वाचायची, इंग्रजी शून्य. म्हणाली, तू एकेक दाखव, मी यात पाहतो.

पोरगी म्हणाली, माय, तुले वाचता नाई येत.

"वाचाचं कायले? जुळवाचं आहे ना. लुगड्याचा काठ जुळवताना मी वाचतो का?"

आणि तिनं जुळवलं. मी पाहत होतो. पहिल्या दिवशी एका ठोकळ्याला पाव तास लागायचा. तिसऱ्या दिवशी ती पडद्याकडे एकदा पाहायची आणि कागदाची घडी बरोबर तिथंच उलगडायची. कचरा असला की नुसती मान हलवायची, पोरगी पुढचा काढायची. डाळ निवडताना बायका बोलत असतात, हात आपला चालत असतो, तसं चाललं होतं. मधेच उठून भाकरी टाकून यायची. मला एकच काम दिलं, कूलरमध्ये पाणी भरत राहा. लाइट गेली की दोघी ओसरीत येऊन जुळलेल्या ठोकळ्यांचे आकडे कागदाच्या कडेला लिहून काढायच्या. मी कामावर गेलो नाही. बादल्या भरल्या.

पण जे मला अजून कळलं नाही ते वेगळंच. संक्रांतीनंतरचं लिहिलेलं त्या कागदावर नव्हतं. ते कसं ओळखायचं? पाचव्या दिवशी एक ठोकळा आला. वनिता म्हणाली, हा कचरा, यात दुसऱ्याचं काहीतरी आहे, बाहेरून आणलेल्या तयार प्रोग्रॅमातलं. ती पुढं जाणार तेवढ्यात मायनं तिचा हात धरला.

"थांब. हे कागदावर नाई, पन तुहंच आहे."

"काऊन म्हनते?"

"ओळीइच्या पायऱ्या पाह्य ना. बाकीच्याइच्या पायऱ्या मोठ्या मोठ्या आहे. तू ओळ दोन बोटं आत सरकवते अन् थांबते. पाटीवर बी तशीच लिहे तू."

वनितानं नीट वाचलं. तिचंच होतं, होळीच्या आसपासचं. ती स्वतः विसरली होती.

भिंत पाहून ती कुणाच्या हातची हे मी सांगू शकतो. सांध्यात मसाला कसा दाबला आहे, कोपऱ्यावर वीट कशी तोडली आहे, यावरून वर्धा ते सेलूमधली निम्मी घरं मी ओळखतो. त्याचा मला गर्व होता. पण माझ्यासमोर वीट होती, हात लावता येत होता. तिच्यासमोर काय होतं? काचेवरची परकी अक्षरं, सगळी एकाच साच्यातून निघालेली, हाताचा स्पर्श नसलेली. त्यात तिला पोरीचा हात दिसला. त्यानंतर कागदावर नसलेले ठोकळे ती नुसत्या त्या पायऱ्यांवरून बाजूला काढत गेली. थोडे चुकले. फार थोडे.

नऊ दिवस भरले तेव्हा सगळंच मिळालं असं नाही. काही भाग वनितानं पुन्हा लिहिले, काही सोडून दिले. पण परीक्षेच्या दिवशी पिशवीत सीडी होती, आणि सीडीवर ती फाइल.

माय म्हणाली मीही येईन. मी म्हटलं, मग मीही. कॉलेजात आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो होतो. ऊन असं की ओटा बसू देईना. आतून परीक्षक आले, नागपूरचे, पिकल्या केसांचे. त्यांनी विचारलं कोण, आणि आम्हाला आत पंख्याखाली बसवलं. भला माणूस.

वनितानं फाइल लावली. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मी मनात शिव्या मोजल्या, सगळ्या स्वतःला. मग पांढरी ओळ उमटली, खाली आणखी एक, आणि तिच्या कारभाऱ्याचं नाव आलं. नाव तिनं जोतं ठेवलं होतं. घराच्या पायावर जे उचललं जातं ते. मला आधी सांगितलं नव्हतं.

परीक्षकांनी पुष्कळ विचारलं. कुणाची मदत घेतली, हेही विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. ते मायकडे वळून मजेत म्हणाले, बाई, तुम्हाला यातलं काय समजतं?

"मले काई नाई समजत," ती म्हणाली. "पन हिचं काय अन् कचरा काय, थे समजते."

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न वनिताला विचारला.

वनिता मैत्रिणींसोबत थांबली. आम्ही दोघं वर्ध्याच्या स्टँडवर आलो. उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभं राहून मी शेवटी बोललो. म्हटलं, त्या दिवशीचं, दोन मिस्त्री लावायचं, ते मी सांगितलं होतं पोरीला.

तिनं रस संपवला, गिलास ठेवला.

"माहीत आहे मले."

"पोरीनं सांगतलं?"

"पोरगी कायची सांगते. नऊ दिवस झाले, तुमी एकदाबी भाजीले नाव ठेवलं नाई. चाला, गाडी लागली."

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. पवनारचा पूल यायच्या आत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती, पण दिवसाढवळ्या, चार लोकांत, असं ती कधी टेकली नव्हती. नऊ दिवसांची झोप होती ती. गरम वारा येत होता, तिच्या केसांतून घरच्या तेलाचा वास. सेलूचा स्टँड आला. लोक उतरले. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यानं घंटी दिली.

पुढच्या फाट्यावर ती जागी झाली आणि आम्ही उतरलो. परतीची गाडी दिसेना, म्हणून चालत निघालो. डांबर वितळत होतं, चपला चिकटत होत्या. घरापर्यंत ती बोलत होती, माणसाला स्वतःचं गाव दिसत नाही, डोळे आहेत का बटनं, काऊन नाई उठवलं. मी म्हटलं, माझाही डोळा लागला होता.

हे खोटं होतं. आणि हे तिला मी कधीच सांगितलं नाही.